एका मिनिटाचं निवेदन

जानेवारी २००५मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोव्हर नावाच्या छोट्या गावी, नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला शाळेचे एक वरिष्ठ अधिकारी वर्गात आले आणि त्यांनी एक निवेदन वाचून दाखवलं. जेमतेम मिनिटभराचं. डार्विनचा सिद्धांत राज्याच्या अभ्यासक्रमात आहे म्हणून तो शिकवला जातो. पण तो सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नव्हे, आणि त्यात अजून पुराव्याने न भरलेल्या जागा आहेत. जीवसृष्टीच्या उगमाचं ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे त्याहून वेगळं स्पष्टीकरण आहे, आणि ज्यांना ते समजून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक ठेवलेलं आहे. असा त्याचा आशय. मुलांनी प्रश्न विचारायचे नव्हते. ते वाचलं जात असताना जीवशास्त्राचे शिक्षक वर्गाबाहेर होते, कारण वाचायला त्यांनी लेखी नकार दिला होता.

यावरून पुढे झालेला खटला मी मुळात वाचायला घेतला तो या शिक्षकांसाठी. सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली, आणि बारावीचा उत्क्रांतीचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. घर वारकऱ्यांचं. वडिलांच्या गळ्यात माळ होती, माझ्याही आहे. एकादशी धरते, ज्ञानेश्वरीचं पारायण चुकवत नाही. त्यामुळे ‘देव खरा की डार्विन’ असं कुणी विचारलं की हा प्रश्नच भलत्या ठिकाणी आणून ठेवलाय असं मला वाटतं. डोव्हरच्या खटल्यात तो अनेक आठवडे धसाला लागला आणि दोन्ही बाजूंना श्रद्धावंत माणसं उभी होती. त्या साक्षींच्या नोंदी सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत. शिकवण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या वाचाव्यात.

तिकडे शाळेचा कारभार गावाने निवडून दिलेलं मंडळ पाहतं. डोव्हरच्या मंडळातल्या काही सभासदांना उत्क्रांती बरेच दिवस खुपत होती. २००२ साली मानवाच्या उत्क्रांतीवरचं, एका विद्यार्थ्याने रंगवलेलं मोठं चित्र शाळेच्या वर्गातून उचलून जाळून टाकण्यात आलं होतं. २००४च्या उन्हाळ्यात जीवशास्त्राच्या नव्या पाठ्यपुस्तकांची खरेदी अडवून धरली गेली. मग ‘पांडाज’च्या ६० प्रती ‘देणगी’ म्हणून शाळेत आल्या. त्यांच्यासाठीचे पैसे अभ्यासक्रम समितीच्या अध्यक्षांनी आपल्या चर्चमध्ये गोळा केले होते आणि मंडळाच्या दुसऱ्या एका सभासदाच्या वडिलांमार्फत ते पुढे गेले, हे नंतर कोर्टात चव्हाट्यावर आलं. आधीच्या शपथेवरच्या जबाबात मात्र दोघांनी याबद्दल कानांवर हात ठेवले होते. १८ ऑक्टोबर २००४ला ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव झाला आणि त्यातूनच ते निवेदन तयार झालं.

शिक्षकांनी अधीक्षकांना दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. पेनसिल्व्हेनियात शिक्षकांसाठी आचारसंहिता आहे, आणि शिकवण्याचा विषय शिक्षकाने जाणूनबुजून चुकीच्या रूपात मांडू नये असं तीत म्हटलेलं आहे. त्याच कलमावर बोट ठेवून त्यांनी कळवलं, की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि जीवशास्त्र नाही. आम्ही हे वाचलं तर ते विज्ञानच आहे असं मुलांना वाटेल. त्यांनी संप पुकारला नाही, की धर्माविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. त्यांच्यातले काही जण नियमाने चर्चला जाणारे होते, एक तर धर्मोपदेशकाचा मुलगा. नोकरी मंडळाच्या हातात, गाव लहान, रविवारी प्रार्थनेला शेजारी बसणारी माणसंच विरोधात. अशा ठिकाणी मूग गिळून बसणं किती सोपं होतं, हे गावात नोकरी केलेल्याला कळेल.

ठरावाविरुद्ध ११ पालक कोर्टात गेले. पहिलं नाव टॅमी किट्झमिलर यांचं, म्हणून खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो. सुनावणी २६ सप्टेंबर २००५ला हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात सुरू झाली. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००२मध्ये केलेली होती, त्यामुळे ते मंडळाच्या बाजूने झुकतील असा बऱ्याच जणांचा होरा होता.

अमेरिकेची राज्यघटना सरकारला कोणत्याही धर्माची तळी उचलू देत नाही, आणि सरकारी शाळा म्हणजे सरकारच. आजवरचे बहुतेक झगडे याच कलमाभोवती झाले. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून १०० डॉलर दंड झाला. तेव्हा तिथल्या कायद्याने ती शिकवायलाच बंदी होती. असे बंदीचे कायदे १९६८ साली सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवले. मग ‘उत्क्रांतीबरोबर बायबलप्रणीत निर्मितीलाही समान वेळ द्या’ अशी मागणी पुढे आली. लुइझियाना राज्याने तसा कायदा केला, आणि १९८७ साली सुप्रीम कोर्टाने तोही रद्द केला.

‘पांडाज’ या पुस्तकाचे मसुदे त्याच सुमाराचे आहेत. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते कोर्टापुढे ठेवले. १९८७च्या निकालाआधीच्या मसुद्यांत जिथे निर्मितीवाद आणि निर्मितीवादी म्हटलेलं होतं, तिथे नंतरच्या मसुद्यांत इंटेलिजंट डिझाइन आणि डिझाइनचे समर्थक असं आलं. व्याख्येचं वाक्य जवळपास जसंच्या तसं राहिलं. एके ठिकाणी तर जुना शब्द पुरता खोडलाच गेला नव्हता. ‘क्रिएशनिस्ट्स’च्या पोटात ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घुसवलेलं, मागचंपुढचं अक्षर तसंच शिल्लक. एका निकालामुळे रातोरात नाव बदललं गेलं, याचा याहून रोखठोक पुरावा कुणाला मिळाला असता असं वाटत नाही.

पण एवढ्यावर मी तरी थांबणार नाही. एखादी कल्पना कुठून आली यावरून ती खोटी ठरत नाही. तिचा तिच्या गुणांवरच विचार व्हायला हवा, आणि कोर्टाने तो केला.

कल्पना जुनी आहे, आणि मनाला पटकन भिडणारी आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली ती मांडली होती: माळावर घड्याळ सापडलं तर कुणीतरी ते घडवलं असणार हे आपण ओळखतो, मग डोळ्यासारखा अवयव कुणी घडवल्याशिवाय कसा होईल? डार्विन तरुणपणी पेली वाचून भारावला होता, आणि त्याच प्रश्नाचं उत्तर १८५९ साली त्याने नैसर्गिक निवडीने दिलं. आपल्या काळात मायकेल बीही या लीहाय विद्यापीठातल्या जीवरसायनतज्ज्ञांनी तो युक्तिवाद पेशीच्या आत नेला. बीही यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगते, पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे हे ते मानतात आणि सजीवांचे पूर्वज एक आहेत हेही मानतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की काही यंत्रणांचा एकही भाग काढला तर त्या बंद पडतात. अशा यंत्रणा टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे बुद्धी असली पाहिजे. त्यांचं आवडतं उदाहरण जिवाणूच्या कशाभिकेचं. पेशीच्या भिंतीत बसवलेली, गरगर फिरून जिवाणूला पुढे ढकलणारी ती शेपटी कितीतरी प्रकारच्या प्रथिनांची बनलेली असते. वर्गात तिचं चित्र दाखवलं की मुलं अवाक होतात, आणि व्हावीतही.

याला उत्तर दिलं ब्राउन विद्यापीठाचे केनेथ मिलर यांनी. डोव्हरमध्ये अडवून धरलेल्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक, आणि खटल्यातले पहिले साक्षीदार. कशाभिकेच्या तळाशी असलेल्या काही प्रथिनांसारखीच प्रथिनं अनेक रोगजंतूंमध्ये दुसरंच काम करतात: यजमान पेशीत विष टोचण्याचं. प्लेगच्या जंतूकडे अशी टोचणी आहे. १८९७च्या पुण्याने ज्याची दहशत अनुभवली, तोच हा जंतू. म्हणजे कशाभिकेचे बाकी सगळे भाग काढून टाकले तरी उरलेला भाग निकामी ठरत नाही. एका कामासाठी असलेले भाग पुढे दुसऱ्या कामाला जुंपले जाऊ शकतात. उत्क्रांती नेहमी असंच करत आली आहे.

रोगप्रतिकारक यंत्रणेबद्दलही बीही यांनी लिहिलं होतं, की तिच्या उगमाविषयी वैज्ञानिक साहित्यात काही उत्तर नाही. उलटतपासणीत वकील एरिक रॉथ्सचाइल्ड यांनी त्यांच्यापुढे त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, ९ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं यांची चळत रचली. एवढंही पुरेसं नाही, असं बीही यांचं म्हणणं पडलं. मग विज्ञानाची त्यांची स्वतःची व्याख्या विचारली गेली. ती इतकी सैल होती, की तिच्यात फलज्योतिषही बसेल हे त्यांनी कबूल केलं.

या कबुलीचं गांभीर्य आपल्याला जास्त कळायला हवं. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला होता, आणि त्यावरची लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सरळ चाचणीच घेतली. २०० पत्रिका, त्यातल्या १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी एवढी आलीच असती. विज्ञानात बसायचं तर हा कस लावून घ्यावा लागतो. इंटेलिजंट डिझाइनने तो कधी लावून घेतलेला नाही, कारण ‘कुणीतरी घडवलं’ या विधानातून पुढे काय सापडायला हवं आणि काय सापडता कामा नये, हे निघतच नाही.

उत्क्रांतीतून ते निघतं. मिलर यांनी कोर्टाला समजावून सांगितलेलं एक उदाहरण इथे सविस्तर देते.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान या तिघांतही २४. आपला आणि त्यांचा पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती गळून गेलेली असणं शक्य नाही. तेवढी जनुकं गेली तर जीव जगणारच नाही. मग एकच शक्यता उरते: त्या पूर्वजाची दोन वेगवेगळी गुणसूत्रं माणसाच्या वंशात टोकाला टोक लागून जोडली गेली असणार. तसं असेल तर खूण सापडलीच पाहिजे, कारण गुणसूत्राची रचना ठरलेली असते. दोन्ही टोकांना टेलोमिअर नावाचा भाग असतो, त्यात टीटीएजीजीजी ही सहा अक्षरी साखळी पुन्हा पुन्हा येते. आणि मध्ये कुठेतरी एक गुणसूत्रबिंदू असतो, जिथे पेशी विभागताना गुणसूत्र धरून ओढलं जातं. दोन गुणसूत्रं जोडली गेली असतील तर टोकाला शोभणारी साखळी भलत्याच जागी, मधोमध सापडायला हवी, आणि जोडाच्या दुसऱ्या बाजूला ती उलट्या दिशेने लिहिलेली हवी. गुणसूत्रबिंदूही दोन हवेत, त्यातला एक निकामी झालेला. असं गुणसूत्र माणसात मिळालं नाही, तर समान पूर्वजाची कल्पना गोत्यात येते.

ते मिळालं. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र. मधे टेलोमिअरची साखळी, जोडाच्या अलीकडे एका दिशेची आणि पलीकडे उलट दिशेची; एक चालू गुणसूत्रबिंदू आणि एका बंद पडलेल्याचे अवशेष. दोन्ही बाजूंची जनुकं चिंपांझीच्या दोन वेगळ्या गुणसूत्रांवरच्या जनुकांशी क्रमाने जुळतात. या गुणसूत्राचा तपशीलवार आराखडा ‘नेचर’मध्ये २००५ सालीच छापून आला, सुनावणी सुरू होण्याच्या काही महिने आधी. एखाद्या रचनाकाराला वाटलं म्हणून त्याने हुबेहूब जोडासारखं दिसणारं गुणसूत्र बनवलं, असं कुणी म्हणू शकतं. पण मग त्याला काहीही वाटू शकलं असतं, आणि आपल्याला शोधण्यासारखं काही उरलं नसतं.

हे मिलर कॅथलिक आहेत, नियमाने चर्चला जाणारे. देवावर आणि उत्क्रांतीवर त्यांनी १९९९ साली पुस्तकही लिहिलं आहे. बीहीसुद्धा कॅथलिक. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे जॉन हॉट हे तर जॉर्जटाउन विद्यापीठातले कॅथलिक धर्मशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी दिलेला दाखला आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात चालेल. आधण का उकळतंय, असं कुणी विचारलं तर ‘खाली गॅस पेटलाय’ हे एक उत्तर. ‘पाण्याचे रेणू वेगाने हलतायत’ हे दुसरं. आणि ‘मला चहा हवाय’ हे तिसरं. तिन्ही खरी आहेत. पण रेणूंच्या जागी चहाची तल्लफ घालता येत नाही, आणि तल्लफ शोधायला रेणू तपासून उपयोग नाही. हॉट यांचा आक्षेप असा, की इंटेलिजंट डिझाइन हेच करतं: तिसऱ्या उत्तराला दुसऱ्याच्या रांगेत उभं करतं, आणि त्यात विज्ञानाबरोबर देवालाही लहान करतं. श्रद्धा असलेली बाई म्हणून मला हा दुसरा आक्षेप अधिक बोचतो. विज्ञानाला अजून न समजलेल्या फटीत देवाला बसवायचं, आणि प्रयोगशाळेत ती फट भरली की त्याला तिथून उठवायचं, हे माझ्या विठ्ठलाच्या बाबतीत मला चालणार नाही.

आमच्या वर्गात हा वाद वेगळ्या वेषात येई. “मॅडम, दशावतार म्हणजे उत्क्रांतीच ना? आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह?” दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, बहुतेक घरी ऐकलेलं असायचं. मी सांगत असे, की मत्स्यावतार मनूला तारायला आला, नरसिंह प्रल्हादासाठी खांबातून प्रकट झाला. या कथांचा जीव त्या करुणेत आहे. त्यांना जीवशास्त्राचा तक्ता करायचा तर कासवापासून रानडुक्कर झालं असं म्हणावं लागेल, आणि ते खरं नाही. उत्क्रांतीत एकाखाली एक पायऱ्या नसतात, फांद्या फुटत जातात. कुणी पुढे विचारायचं, “मग देवाने काहीच केलं नाही का?” त्याचं उत्तर जीवशास्त्राच्या तासाला देण्याचा मला अधिकार नाही, हे मी स्पष्ट सांगायची. ‘नाही केलं’ असं म्हणण्याचाही नाही. काही नास्तिक मंडळी उत्क्रांती शिकवताना त्याच दमात देवाचा निकाल लावतात. त्यांचं विज्ञान पक्कं असतं, तरी वर्गात तेवढ्यापुरती तीही डोव्हरच्या मंडळासारखीच हद्द ओलांडतात.

२० डिसेंबर २००५ला १३९ पानांचा निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, ते निर्मितीवादाचंच रूप आहे आणि सरकारी शाळेत ते आणणं घटनेविरुद्ध आहे, असं न्यायाधीश जोन्स यांनी ठरवलं. मंडळाच्या सभासदांनी खरा हेतू झाकण्यासाठी वारंवार खोटं सांगितलं, असा कडक ठपकाही ठेवला. निकालानंतर जोन्स यांना धमक्या आल्या, काही काळ संरक्षण घ्यावं लागलं. निकालाआधीच, ८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत, उभ्या असलेल्या आठही जुन्या सभासदांना गावाने घरी बसवलं होतं. नव्या मंडळाने अपील केलं नाही, त्यामुळे हा निकाल कायद्याने पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागापुरताच बंधनकारक आहे. पालकांच्या वकिलांचा खर्च म्हणून दहा लाख डॉलर शाळेच्या तिजोरीतून गेले.

आपल्याकडे असा खटला झालेला नाही, पण विषय दारापर्यंत आला होता. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विन वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, आणि हे शाळेत बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडलं, आणि त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं करू नका असं सांगितलं. कुणी पाहिलं नाही, हे खरंच आहे. गुणसूत्रं जोडली जातानाही कुणी पाहिलं नव्हतं. जोड मात्र प्रत्येक माणसाच्या पेशीत आहे, सिंह यांच्याही आणि माझ्याही.

पुढे २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, अभ्यासाचं ओझं कमी करण्याचं कारण देऊन. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यात नुसती आनुवंशिकता उरली. १८००हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि शिक्षणप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, असं उत्तर दिलं जातं; पण दहावीनंतर किती मुलं जीवशास्त्र घेतात? कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला गेलेल्या मुलीला उत्क्रांतीचा पुरावा एकदाही नीट दाखवला जाणार नाही.

आपल्या राज्य मंडळाच्या २०१८च्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. जीवाश्म आहेत, अवशेषांगं आहेत, जोडणारा दुवा म्हणून बदकचोच्या प्लॅटिपस आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं बदलतील तेव्हा हा धडा आणि त्यातले पुरावे तिथेच राहावेत, त्यात दुसऱ्या गुणसूत्राची चार वाक्यं आकृतीसह यावीत, आणि एनसीईआरटीने काढलेला भाग दहावीत परत घ्यावा, अशी माझी मागणी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाला मी तसं लिहिलं आहे. जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपापल्या नावाने लिहावं.